पोकळीतला ऐवज : प्रस्तावना

सह्याद्रीच्या काळ्या दगडाकडे आपण कायम कामाच्या नजरेने पाहत आलो. पाटा-वरवंटा, घराचे जोते, विहिरीचे बांधकाम, रस्त्याची खडी. दगड कणखर आहे, एवढी तारीफ आपल्याला पुरली. त्याच्या पोटात काय आहे याची चौकशी करणारे बहुतेक लोक मात्र बाहेरचे निघाले. अमेरिकेतल्या ट्यूसॉन गावी १९५५ पासून खनिजांचे मोठे प्रदर्शन भरते. महाराष्ट्र नकाशावर नेमका कुठे आहे हे ज्यांना सांगता येणार नाही, असे लोक तिथे जळगाव, नाशिक, पुणे, राहुरी ही नावे अगदी सराईतपणे घेतात. आणि राहुरीत, जिथल्या मोमीन आखाड्याच्या हिरव्या ॲपोफायलाइटने जगभरच्या संग्राहकांना वेड लावले, तिथे चावडीवर ‘ॲपोफायलाइट’ म्हणून पाहा. एखाद्या नव्या कीटकनाशकाचे नाव असावे असेच ऐकणाऱ्याला वाटेल.

ही तफावत थोडीफार कमी करावी, असा या पुस्तकाचा हेतू आहे. दख्खनच्या बेसाल्टमधली खनिजे कशी गोळा करावीत, कशी ओळखावीत, आणि ओळखता आली नाहीत तर चिठ्ठीवर काय लिहावे, हा त्याचा विषय. यातला शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाजारातली आणि घराघरांतल्या कपाटांमधली निम्मी गडबड तिथेच झालेली असते.

आधी हा ऐवज आला कुठून ते पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. झीज होऊन आज उरलेला त्यांचा विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. लाव्हा वर येताना त्यातले वायू सुटू लागतात. पृष्ठभाग आधी थिजतो, म्हणून वर चढणारे बुडबुडे त्याच्याखाली अडकतात. कुठल्याही घाटरस्त्याच्या कापलेल्या कडेला हे दिसते : प्रवाहाच्या माथ्याकडचा दगड भोकाभोकांचा, मधला घट्ट आणि उभ्या चिरांचा. खडीवाल्याला हवा असतो तो घट्ट दगड. आपल्याला हवा तो भोकांचा. पुढचे काम पाण्याचे. खडकातून झिरपणारे गरम पाणी बेसाल्टमधली काच आणि काही खनिजे विरघळवते. सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम उचलते आणि पोकळीत नेऊन सोडते. पोकळीच्या भिंतीवर बहुधा आधी हिरवट-काळपट मातकट लेप बसतो. त्यावर कॅल्सेडनी किंवा क्वार्ट्झ, त्यावर झिओलाइटे, म्हणजे पाणी सामावणाऱ्या जाळीदार रचनेची खनिजे, आणि शेवटी शेवटी ॲपोफायलाइट किंवा कॅल्साइट. हा क्रम पाठ करून ठेवण्यासारखा नाही, कारण पाण्याच्या फेऱ्या अनेक झाल्या आणि प्रत्येक फेरीचे तापमान व क्षार निराळे होते. ॲपोफायलाइटच्या स्फटिकांचे वय किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढले गेले, तेव्हा त्यांतले काही लाव्हा थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी तयार झाल्याचे दिसले. म्हणजे ज्वालामुखी केव्हाच निवला होता, आणि पोकळ्यांमधले काम निवांत चालू होते.

या कामात काही भौगोलिक शिस्तही आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे प्राध्यापक आर. एन. सुखेसवाला आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९७४ साली पश्चिम भारतातल्या या खनिजांचे लॉमोंटाइट, स्कोलेसाइट आणि ह्यूलँडाइट असे तीन पट्टे मांडले. पुढे त्यात भर पडली, वादही झाले, पण मूळ मुद्दा हौशी माणसाच्या फार उपयोगाचा आहे : कुठल्या भागात काय मिळण्याचा संभव आहे हे आधी ठाऊक असेल, तर हातातल्या दगडाबद्दलचे निम्मे पर्याय भिंग काढण्यापूर्वीच गळतात. अर्थात दगड कुठला हे माहीत असेल तरच.

ते माहीत नसण्याची परंपरा जुनी आहे. जी. आय. पी. रेल्वेने बोरघाट फोडायला घेतला आणि १८६३ साली त्या चढणीवरून गाडी धावली. पंचवीस बोगद्यांसाठी सुरुंग लावताना झिओलाइटांच्या पोकळ्यांवर पोकळ्या उघड्या पडल्या. तिथले ॲपोफायलाइट आणि स्टिल्बाइट साहेबांच्या सामानातून विलायतेला गेले आणि तिथल्या संग्रहालयांच्या काचेआड बसले. ते सुरुंग ज्यांनी भरले, पोकळीत पहिला हात ज्यांनी घातला, त्या मजुरांचे नाव कुठल्या चिठ्ठीवर असण्याचा प्रश्नच नव्हता. पण निदान जागेचे नाव तरी नीट असावे! जुन्या नमुन्यांवर बऱ्याचदा नुसते ‘पूना’ लिहिलेले आढळते. त्या एका शब्दात खंडाळ्यापासून पाषाणच्या टेकड्यांपर्यंत सगळे मावते. नमुना देखणा असतो, पण कोणत्या प्रवाहातला, किती उंचीवरचा, सोबत काय होते, हे विचारायची सोय उरलेली नसते. आजचे व्यापारी ‘जळगाव’ हा शब्द असाच वापरतात. कधी आळस, कधी प्रतिस्पर्ध्याला खाण कळू नये म्हणून केलेली लपवाछपवी. परिणाम तोच.

आता दुर्मीळ म्हणजे काय ते. या शब्दाने खनिजांच्या व्यवहारात जितका घोळ घातला आहे तितका दुसऱ्या कशाने घातला नसेल. खनिजशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केलेली खनिजे आज सहा हजारांच्या आसपास आहेत. रॉबर्ट हेझन आणि जेसी ऑसुबेल या संशोधकांनी २०१६ साली हिशेब मांडला तेव्हा ही संख्या पाच हजारांच्या थोडी वर होती, आणि त्यांतली अडीच हजारांहून अधिक खनिजे जगात पाच किंवा त्याहून कमी ठिकाणीच सापडलेली होती. म्हणजे खनिजांमध्ये दुर्मीळ असणे हीच रीत. क्वार्ट्झ, फेल्डस्पार, कॅल्साइट अशी मोजकी मंडळी सगळी जागा अडवून बसलेली आहेत. या दोघांनी दुर्मीळपणाची कारणेही सांगितली. काही खनिजांना लागणारी मूलद्रव्येच कमी. काहींना तापमान, दाब आणि रसायन यांचा फार नेमका मेळ लागतो. काही तयार होतात पण टिकत नाहीत, पाण्याने वा हवेने विरून जातात. आणि काही मुबलक असूनही आपल्या नजरेतून सुटतात, कारण ती बारीक, मळकट किंवा अवघड जागी असतात. या शेवटच्या कारणाने मला नेहमी धीर येतो. तिथे हौशी माणसाला वाव आहे.

कॅव्हन्साइटचे उदाहरण घ्या. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचे, पाण्याचा अंश असलेले हे खनिज अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात ओवायही धरणाजवळ सापडले, आणि १९७३ साली स्टेपल्स, इव्हान्स व लिंडसे यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन छापले. तिथले स्फटिक बारीक, भिंगाखाली पाहण्याचे. मग पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाघोलीच्या खडीच्या खाणींत, तेच खनिज पांढऱ्या स्टिल्बाइटवर ठसठशीत निळ्या गुच्छांच्या रूपात निघाले. एकेक गुच्छ सेंटिमीटरभराचा, कधी त्याहून मोठा. रुस्तम कोठावाला यांनी या जागेवर १९९१ साली ‘मिनरलॉजिकल रेकॉर्ड’ या नियतकालिकात लेख लिहिला, आणि वाघोली हे नाव संग्राहकांच्या तोंडी कायमचे बसले. आज जगात कुठेही कॅव्हन्साइटचा चांगला नमुना दिसला, तर तो वाघोलीचा असे धरून चालायला हरकत नाही.

आता यात दुर्मीळ काय आहे? व्हॅनेडियम नव्हे, ते बेसाल्टमध्ये थोडेफार असतेच, आणि जळगाव-राहुरीच्या ॲपोफायलाइटचा हिरवा रंग त्याच्याच अंशामुळे आलेला आहे. दुर्मीळ आहे तो मेळ : ते व्हॅनेडियम विशिष्ट रूपात, योग्य तापमानाच्या पाण्यात, योग्य पोकळीपर्यंत पोहोचणे. त्यातही गंमत अशी की कॅव्हन्साइटचा एक सख्खा भाऊ तिथेच राहतो. पेंटॅगोनाइटचे रासायनिक सूत्र तंतोतंत तेच, अणूंची मांडणी तेवढी वेगळी. तो तुलनेने फारच कमी मिळतो. कॅव्हन्साइट गुच्छ करते. पेंटॅगोनाइट लांबट, पात्यांसारखे वाढते, आणि त्याची पाच अंगे एकमेकांत जुळून आडवा छेद चांदणीसारखा दिसतो. ती चांदणी दिसली तर प्रश्नच मिटला. पण दिसली नाही, आणि हातात नुसत्या निळ्या काड्या असल्या, तर? विकणारा छातीठोकपणे ‘पेंटॅगोनाइट’ म्हणेल, कारण त्याचा भाव जास्त. रंगावरून हा निवाडा होत नाही, हे एक वाक्य वाचकाने लक्षात ठेवले तरी पुस्तकाचे पैसे वसूल.

याच्या उलटही असते. नाशिकच्या पांडवलेणी परिसरातल्या खाणींत पॉवेलाइटचे नारिंगी-पिवळे स्फटिक मिळाले. कॅल्शियम आणि मॉलिब्डेनमचे हे खनिज १८९१ पासून माहीत आहे आणि जगात बऱ्याच ठिकाणी आढळते. पण बहुतेक जागी पुटासारखे किंवा कणांच्या रूपात. इतके मोठे, सुबक स्फटिक दुसरीकडे क्वचितच. खनिज दुर्मीळ नाही, त्याचे हे रूप दुर्मीळ. त्याच भागातले गूजक्रीकाइट मात्र दोन्ही अर्थांनी दुर्मीळ आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात सापडून १९८० साली नाव मिळालेले हे झिओलाइट, आणि त्याचे उत्तम नमुने नाशिकचे. दिसायला वाकडेतिकडे, पांढरे, चटकन नजरेत न भरणारे. पॉवेलाइटसाठी झुंबड उडते आणि गूजक्रीकाइट शेजारच्या ढिगाऱ्यात पडून राहते. देखणेपणा आणि दुर्मीळपणा यांचे फारसे जमत नाही, हे संग्राहकाला कळायला काही वर्षे लागतात. काहींना कळतच नाही, आणि त्यांच्या पैशावर बाजार चालतो.

ओळखण्याच्या कामाला सुरुवात मी नेहमी ॲपोफायलाइटपासून करायला सांगतो. तो मुबलक आहे, आणि नजरेला काय पाहायचे ते शिकवतो. एक स्वच्छ स्फटिक चिमट्यात धरा आणि दहापटीच्या भिंगाखाली सावकाश फिरवा. चार बाजूंचा खांब. बाजूच्या फलकांवर उभ्या बारीक रेघा, आणि चमक काचेची. आता माथा समोर आणा. सपाट, चौकोनी, आणि चमक एकदम बदललेली : मोत्याची, किंचित दुधाळ, जणू आतून येणारी. जुन्या युरोपीय खनिजशास्त्रज्ञांनी याला माशाच्या डोळ्याचा दगड म्हटले ते यामुळेच. कोपरा कुठे फुटला असेल तर तिथे माथ्याला समांतर अशी सरळ, आरशासारखी चीर दिसेल. दगड एका ठरावीक दिशेने असा सहज दुभंगण्याला खनिजविज्ञानात पाटन म्हणतात. मोत्याची चमक, उभ्या रेघा, एकाच दिशेचे पाटन : तिन्ही जुळले की ॲपोफायलाइट. क्वार्ट्झचा खांब सहा बाजूंचा, रेघा आडव्या, पाटन नाही, आणि तो काचेवर ओरखडा काढतो. ॲपोफायलाइटवर चाकूचा ओरखडा उठतो. कॅल्साइट त्याहून मऊ. मऊपणा तपासायला जुनी पुस्तके तांब्याचे नाणे वापरा म्हणतात. आपल्या खिशात आता तांब्याची नाणी नसतात, तेव्हा तांब्याच्या तारेचा तुकडा जवळ ठेवावा. आणि ओरखडा नेहमी मागच्या, फुटक्या बाजूला काढावा. समोरच्या फलकावर चाकू चालवणाऱ्यांना मी पाहिले आहे. त्यांना खनिज कळते, पण नमुना टिकत नाही.

ॲपोफायलाइट झिओलाइटांच्या संगतीत सापडतो म्हणून त्याला सर्रास झिओलाइट म्हणतात. तो झिओलाइट नाही. त्याची रचना पापुद्र्यांची आहे, आणि झिओलाइटांची जाळीदार, चहूबाजूंनी सांधलेली, आत पाण्याचे रेणू मोकळे ये-जा करतील अशा वाटांची. स्वीडनच्या क्रोनस्टेटने १७५६ साली या गटाला नाव दिले ते तापवल्यावर दगड फसफसताना पाहून. ती फसफस तेच पाणी बाहेर पडण्याची. आजच्या कारखान्यांत वायू आणि द्रव गाळायला जे झिओलाइट वापरतात ते बहुतांशी कृत्रिम. तत्त्व मात्र हेच.

ॲपोफायलाइटवर नजर बसली की स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट. दोन्ही पांढरे, पिवळसर किंवा फिकट गुलाबी. दोन्हींना एका दिशेचे उत्तम पाटन. दोन्हींच्या त्या फलकावर मोत्याची चमक. ही दोन खनिजे एकच समजली जात होती. ब्रूक या खनिजशास्त्रज्ञाने १८२२ साली ह्यूलँडाइटला वेगळे नाव दिले, तेही हेन्री ह्यूलँड या संग्राहक-व्यापाऱ्याचे. आकारावरून भेद कळतो. ह्यूलँडाइटचा सुटा स्फटिक मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता. स्टिल्बाइटचे अनेक स्फटिक जवळजवळ समांतर वाढून टोकांकडे फाकतात, मध्ये बांधलेल्या कडब्याच्या पेंढीसारखे. पेंढी दिसली की स्टिल्बाइट, असे शिकवले जाते आणि बहुतेक वेळा ते खरे ठरते. बहुतेक वेळा म्हणायचे कारण स्टेलेराइट. तो स्टिल्बाइटचा इतका जवळचा नातलग आहे की डोळ्यांनी, भिंगाने, चाकूने कशानेही खात्री होत नाही, क्ष-किरणांनीच होते.

इथून पुढे हौशी माणसाची खरी कसोटी लागते. नाशिक-पुणे भागातल्या पांढऱ्या सुयांचे झुबके घ्या. स्कोलेसाइटमध्ये कॅल्शियम, नॅट्रोलाइटमध्ये सोडियम, मेसोलाइटमध्ये दोन्ही. तिघांच्या सुया सारख्याच दिसतात. स्कोलेसाइटच्या जाडसर स्फटिकावर इंग्रजी व्हीसारख्या रेघा दिसतात, तो आधार चांगला. केसासारख्या बारीक जाळीला मेसोलाइट म्हणण्याचा रिवाज आहे. तो नुसता अंदाज. ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक असेल तर सुई फिरवून पाहता येते : नॅट्रोलाइटची सुई ध्रुवणाच्या दिशेला सरळ असताना काळी पडते, स्कोलेसाइटची सतरा-अठरा अंश कललेली असताना. कॉलेजच्या भूविज्ञान विभागात अशी सोय असते, आणि गोड बोलून विचारले तर कोणी नाही म्हणत नाही. तीही सोय नसेल तर चिठ्ठीवर ‘स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट, तपासलेले नाही’ असे लिहावे. यात कमीपणा नाही. उलट ज्या संग्रहात प्रत्येक चिठ्ठीवर एकच ठाम नाव असते, त्या संग्रहाबद्दल मला शंका येते.

नावांचा प्रश्न शास्त्रज्ञांनीही सोपा ठेवलेला नाही. १९९७ साली झिओलाइटांची नावे नव्याने ठरली, तेव्हा स्टिल्बाइटचे कॅल्शियमप्रधान आणि सोडियमप्रधान असे दोन प्रकार झाले, ह्यूलँडाइटचे त्याहून अधिक. म्हणजे रासायनिक पृथक्करण केल्याशिवाय नुसते ‘स्टिल्बाइट’ हे नाव आता काटेकोर अर्थाने गटाचे नाव. फ्लुअरॲपोफायलाइटचे नाव २००८ साली बदलले आणि २०१३ साली जवळपास पूर्ववत झाले. नाव दोनदा फिरले, दगड जागचा हलला नाही. म्हणून या पुस्तकात जुनी, रुळलेली नावे मुख्य ठेवली आहेत आणि काटेकोर नावे परिशिष्टात. मला ती तडजोड पटते. काही तज्ज्ञांना पटणार नाही.

घरच्या कसोट्यांमध्ये सर्वांत दुर्लक्षित कसोटी वजनाची. नमुना आधी हवेत तोलायचा, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलायचा. हवेतल्या वजनाला वजनातल्या घटीने भागले की विशिष्ट गुरुत्व. स्टिल्बाइट २.२च्या आसपास, क्वार्ट्झ २.६५, कॅल्साइट २.७, पॉवेलाइट ४.२हून जास्त. नारिंगी कॅल्साइट पॉवेलाइट म्हणून गळ्यात मारले जाते तेव्हा हा साधा तराजू निकाल देतो, फक्त स्फटिक सुटा हवा. दगडाला चिकटलेला असेल तर कमी लांबीच्या अतिनील प्रकाशाचा दिवा लावावा. पॉवेलाइट फिकट पिवळा उजळतो. आम्ल मात्र जपून. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब कॅल्साइटवर फसफसतो, ही कसोटी खरी. पण त्याच आम्लात अख्खा नमुना बुडवून वरचे कॅल्साइट काढायला गेले, तर खालच्या स्कोलेसाइटचा बुळबुळीत लगदा होतो. फरशी धुवायचे ॲसिड हाती लागले की हा मोह कोणालाही होतो.

लॉमोंटाइटला आम्लाचीही गरज नाही. खाणीतून निघताना त्याचे स्फटिक टणक, नीटस, अर्धपारदर्शक असतात. कोरड्या हवेत त्यातले थोडे पाणी उडते, स्फटिक दुधाळ होतो, मग त्याला लांबीच्या दिशेने चिरा जातात, आणि बोट लावले की पीठ पडते. मालाडच्या खाणींत लांब बोटांसारखे हिरवट प्रेह्नाइट मिळायचे. त्यातले बरेच लॉमोंटाइटच्या स्फटिकांवर चढलेले कवच होते. आतले लॉमोंटाइट गेले, साचा राहिला. त्या खाणींच्या जागी आता इमारती आहेत. वाघोलीलाही पुणे शहराने गाठले आहे. जागा बुजली की तिथले जे काही नोंदवले गेले तेवढेच उरते.

बाजाराबद्दल थोडे. स्फटिक निघतात ते बहुधा खडीसाठी लावलेल्या सुरुंगातून किंवा विहिरीच्या खोदकामातून. मजुराने बाजूला काढले तर वाचले, नाहीतर क्रशरमध्ये जाऊन त्यांचा रस्ता होतो. मजूर, मुकादम, व्यापारी, निर्यातदार अशी साखळी असते, आणि प्रत्येक कडीला भाव वाढतो तशी माहिती घटते. त्यात काही करामती जोडल्या जातात. कॅव्हन्साइटचा निखळलेला गुच्छ दुसऱ्याच स्टिल्बाइटवर चिकटवणे ही नेहमीची. ओकेनाइटचे मऊ पांढरे गोळे रंगात बुडवून निळे-जांभळे करून विकतात; निसर्गात ते पांढरेच असतात. सांध्यापाशी भिंग लावावे, अतिनील दिव्याखाली डिंक वेगळा चमकतो का पाहावे, ॲसिटोनचा बोळा फिरवावा. नीट व्यापारी यावर रागावत नाही. रागावला तर दुकान बदलावे.

स्वतः गोळा करायला जाणाऱ्यांसाठी पुस्तकात एक प्रकरण आहे. त्यात मला दोन गोष्टींची भर घालायची आहे. खाणमालकाची किंवा शेतकऱ्याची परवानगी आधी, पहार नंतर. लेणी, किल्ले आणि लोणारचे विवर इथे हातोडा काढायचाच नाही. दुसरी गोष्ट आरोग्याची, आणि ती हौशी पुस्तकांत क्वचित येते. तुर्कस्तानात कॅपाडोसिया भागातल्या कराइन, तुझकोय या गावांमध्ये फुप्फुसांच्या आवरणाचा कर्करोग भयंकर प्रमाणात आढळला. कारण निघाले एरिओनाइट, तंतुमय झिओलाइट, तिथल्या मऊ दगडात मिसळलेले. आपल्याकडे मिळणारी बहुतेक सुयांसारखी झिओलाइटे वेगळी आहेत. तरीही लोकरीसारखे, न ओळखलेले काही हाती आले तर ते फुंकून साफ करू नये, कोरडे घासू नये. ओले करून डबीत बंद करावे आणि तपासून घ्यावे. नाव अचूक असण्याची गरज इथे कपाटाच्या शोभेपुरती राहत नाही.

या पुस्तकाच्या लेखकाने प्रत्येक नमुन्याच्या छायाचित्राखाली तो कुठे मिळाला, किती खोलीवर, घट्ट दगडात की भोकांच्या, सोबत कोणती खनिजे होती आणि ओळख कशावरून पटवली, एवढे दिले आहे. काही ठिकाणी ‘खाण अज्ञात’ असे स्पष्ट छापले आहे. रंगीत पानांवर पैसा खर्च करणारे प्रकाशक अशा ओळी गाळायला सांगतात. इथे त्या राहिल्या याबद्दल प्रकाशकाचेही आभार. किमती मात्र कुठेच दिलेल्या नाहीत, आणि तेच बरे.

वाचकाने पहिले प्रकरण तूर्त सोडून दिले तरी चालेल. त्यातले स्फटिकांच्या अक्षांचे गणित दगड हाताळल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. ॲपोफायलाइटच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, जमल्यास त्याआधी सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतले गारगोटी संग्रहालय पाहून यावे, म्हणजे चांगला नमुना कसा दिसतो याची नजरेला सवय होईल. मग एखाद्या नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यावर सकाळ घालवावी. सोबत वही, जुनी वर्तमानपत्रे आणि दहापटीचे भिंग. वीसपटीचे घेऊ नये; त्यात इतका लहानसा भाग दिसतो की स्फटिकाचा कुठला फलक आपण पाहतो आहोत हेच कळेनासे होते.